प्लास्टरचा गाभा आणि चिनी मातीची भिंत

चिनी मातीचा कप ओततात तो पोकळ साच्यात. प्लास्टर ऑफ पॅरिसचा कोरडा साचा स्लिपने, म्हणजे पाण्यात कालवलेल्या पातळ मातीने, भरायचा. प्लास्टर पाणी शोषतं, मातीचा थर साच्याला धरतो आणि हवी तेवढी जाडी आली की उरलेली स्लिप ओतून काढायची. यात भांड्याची बाहेरची बाजू साच्यासारखी होते, आतली मात्र जशी होईल तशी. पातळ कपाला हे चालतं. वॉश बेसिनसारख्या जाड, आतून-बाहेरून रेखीव वस्तूला चालत नाही. तिथे साच्याच्या आत प्लास्टरचाच भरीव गाभा बसवतात आणि दोघांमधल्या फटीत स्लिप ओततात. गुजरातमध्ये थानगढ, मोरबी भागातल्या सॅनिटरी मालाच्या कारखान्यांत हे रोजचं काम आहे. इथे उदाहरणाला एक लहान वस्तू घेऊ: वर रुंद, तळाशी निमुळती चौकोनी कुंडी, भिंत ८ मिलिमीटर जाड.

गाभ्याचा पहिला फायदा वेळेचा. थराची जाडी वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, कारण पुढचं पाणी आधी साठलेल्या मातीतूनच झिरपून प्लास्टरपर्यंत जायचं असतं. ४ मिलिमीटर थराला ३० मिनिटं लागत असतील, तर एकाच बाजूने ८ मिलिमीटर साठायला दुप्पट नव्हे, चौपट वेळ, म्हणजे २ तास लागतील. गाभा असला की दोन्हीकडून ४-४ मिलिमीटर थर एकाच वेळी वाढतात आणि मध्ये भेटतात. काम ३० मिनिटांत होतं.

प्लास्टर पाणी शोषतं ते त्याच्या सच्छिद्रतेमुळे. १०० भाग प्लास्टरला घट्ट व्हायला जेमतेम १९ भाग पाणी पुरतं. ओतकामाच्या साच्यासाठी मात्र वजनाने ७५ भागांच्या आसपास घेतात. जास्तीचं पाणी सुकून गेलं की मागे बारीक छिद्रं उरतात आणि साच्याचं जवळजवळ निम्मं आकारमान रिकामं राहतं. पाणी कमी केलं तर साचा टणक होतो पण शोषत नाही. फार वाढवलं तर तो भुसभुशीत होतो. बाहेरचा साचा आणि गाभा या दोन्हींसाठी प्रमाण तंतोतंत एकच ठेवावं. एक बाजू आळशी निघाली तर थर मध्यावर भेटत नाहीत. प्लास्टर पाण्यात भुरभुरवायचं, दोन मिनिटं भिजू द्यायचं, मग बुडबुडे न उठवता ढवळायचं. तयार साचा ४०-४५ अंश सेल्सिअसवर सुकवावा. घाईने जास्त तापवला तर जिप्सममधलं, म्हणजे घट्ट झालेल्या प्लास्टरमधलं, बांधलेलं पाणीही जाऊ लागतं आणि पृष्ठभाग पिठूळ होतो.

आकार ठरवताना एक हिशेब नेहमी चुकतो. सुकताना आणि भाजताना मिळून माती १२ टक्के आटत असेल आणि तयार कुंडी १०० मिलिमीटर हवी असेल, तर नमुना ११२ नव्हे, १०० भागिले ०.८८, म्हणजे ११३.६ मिलिमीटर लागतो. गाभ्यालाही हाच हिशेब लागू. त्याच्या बाजूंना ४-५ अंश उतार द्यावा, आतले कोपरे गोलसर ठेवावेत आणि तळ किंचित फुगीर करावा, म्हणजे त्याखाली हवा अडकत नाही. गाभ्याच्या वरच्या कडेला दोन भोकं ठेवावीत: एक ओतायला, दुसरं समोरच्या कोपऱ्यात हवा सुटायला.

स्लिपसाठी चिनी माती, बॉल क्ले (बारीक कणांची चिकट माती), फेल्डस्पार (भट्टीत वितळून बाकीचं सांधणारं खनिज) आणि क्वार्ट्झ (गारगोटीची पूड) साधारण चौथाई-चौथाई. १० किलो कोरड्या मिश्रणाला ३.९ लिटर पाणी आणि सुमारे ३० ग्रॅम सोडियम सिलिकेट. एवढ्या थोड्या पाण्यात माती खरं तर चिखलच राहायला हवी, पण सोडियम सिलिकेटमुळे कण एकमेकांना दूर लोटतात आणि मिश्रण वाहतं. एक लिटर स्लिपचं वजन १.८ किलोच्या आसपास भरलं पाहिजे. सिलिकेट जास्त झालं तर थर फार दाट आणि ठिसूळ बसतो, पाणी त्यातून पुढे सरकत नाही. कमी पडलं तर स्लिप घट्ट होते आणि थर मऊ, लिबलिबीत राहतो. गाभ्याच्या कामाला किंचित कमी बाजूला राहिलेलं बरं. थरातून पाणी जाण्याची वाट मोकळी राहते.

आता ओतणं. कोरड्या प्लास्टरची घनता सुमारे १.१, स्लिपची १.८. म्हणजे एक लिटर आकारमानाचा गाभा स्लिपमध्ये पूर्ण बुडाला तर त्याला वर ढकलणारा निव्वळ जोर ७०० ग्रॅम वजनाएवढा असतो. पाण्याने भिजलेला गाभासुद्धा जेमतेम १.६ पर्यंत जातो, तोही तरंगतोच. पट्ट्याने आवळून बांधला नाही तर तो अलगद उचलला जातो आणि कुंडीचा तळ ८ ऐवजी १२ मिलिमीटरचा निघतो. बाहेरून काहीच कळत नाही. जाड तळ मागाहून सुकताना फुटतो, आणि लोक दोष मातीला देतात.

धार बारीक, एकसारखी, न थांबता. मध्येच थांबलं की भिंतीवर रेघ उमटते. फट भरली तरी काम संपत नाही. एक लिटर स्लिपचा थर होताना जवळपास १८० मिलिलिटर पाणी प्लास्टरमध्ये जातं आणि तेवढीच जागा रिकामी होते. ती भरायला भोकांवर स्लिपचा साठा उभा ठेवावा लागतो, त्याची पातळी सारखी पाहावी लागते. हा साठा आटला किंवा भोकाची वाट आधीच बुजली, तर दोन थर भेटतात त्या मध्यरेषेत पोकळी राहते. अशी कुंडी कच्ची असताना धडधाकट दिसते आणि भट्टीत दुभंगते. आडवी कापून पाहिलेल्या तुकड्यात ही पोकळी केसासारख्या काळसर रेषेने स्पष्ट दिसते. नवा साचा आला की पहिला नग असा कापून बघावाच.

सगळ्यात नाजूक क्षण गाभा काढण्याचा. माती आटते ती आतल्या दिशेने, गाभ्यावर आवळत. आणि गाभा तर दबत नाही. १५० मिलिमीटर रुंदीला एक टक्का आटली तरी दीड मिलिमीटर कमी पडतो. हा फरक भिंतीतून फुटून निघतो, बहुधा कोपऱ्यात उभा तडा जाऊन. म्हणून भोकातल्या मातीची ओली चकाकी गेली आणि ती बोटाला चिकटेनाशी झाली की गाभा लगेच, सरळ वर उचलावा. कारखान्यांत प्लास्टरमध्ये बसवलेल्या सच्छिद्र नळ्यांतून हवा सोडून तो सैल करतात. बाहेरचा साचा मात्र थांबू शकतो; माती आटताना त्याच्यापासून आपोआप सुटते.

कडेची कापलेली माती पुन्हा स्लिपमध्ये घालताना तिच्यात प्लास्टरचा कण नसावा. त्यातलं कॅल्शियम स्लिप घट्ट करतं आणि भाजलेल्या भांड्यावर खड्डा पाडतं.

साचा साधारण ८०-१०० ओतण्या देतो. गाभा मात्र लवकर खराब होऊ लागतो. सोडियम सिलिकेट आणि जिप्सम यांच्या अभिक्रियेतून सोडियम सल्फेट बनतं, आणि सुकताना ते जिथून पाणी उडतं तिथे पांढरी बुरशी आल्यासारखं फुलतं. बाहेरचा साचा जोडून ठेवून सुकवला तर हे बाहेरच्या अंगाला होतं. भरीव गाभ्याची मात्र जवळजवळ सगळी बाजू मातीला लागणारीच. त्यामुळे एका साच्याला दोन गाभे करावेत, आलटून पालटून वापरावेत, आणि फुललेलं मीठ मऊ ब्रशने कोरडंच झाडावं.