‘सरकारमान्य’ पतसंस्था म्हणजे बँक नव्हे

‘आमची पतसंस्था सरकारमान्य आहे, म्हणजे बँकच की!’ हे वाक्य गावोगावी वर्षानुवर्षं चालत आलंय. ते चुकीचं आहे.

पतसंस्थेच्या पाटीवर किंवा ठेव पावतीवर जो नोंदणी क्रमांक छापलेला असतो, तो सहकार खात्याचा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली संस्था अस्तित्वात आली, एवढंच तो सांगतो. बँकेचा परवाना देते रिझर्व्ह बँक, बँकिंग नियमन कायदा, १९४९ च्या कलम २२ खाली. राज्य सरकारला तो देताच येत नाही. नागरी सहकारी बँकांचीही सहकार कायद्याखाली नोंदणी होते, पण परवाना वेगळा लागतो (गोंधळाचं मूळ बहुधा इथंच). पतसंस्थेच्या नावातल्या ‘मल्टिस्टेट’ला तर लोक उगीच भुलतात. ती दिल्लीच्या केंद्रीय निबंधकांकडची नोंदणी, बाकी काही नाही.

फटका बसतो तो ठेवीदाराला. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत रक्कम मिळते. पतसंस्थेतल्या ठेवीला हे कवच नाही. शिवाय पतसंस्थेनं ठेवी सभासदांकडूनच घ्यायच्या असतात. किरकोळ रक्कम घेऊन तुम्हाला ‘नाममात्र सभासद’ करून घेतलं असेल, तर अशा सभासदांच्या ठेवींनाही रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०२१ मध्ये जाहीर हरकत घेतली आहे.