भूक असून न जेवणारी मुलं

खाण्याचे विकार आणि स्वतःच्या शरीराबद्दलची धास्ती हे सगळं मोबाइलने आणलं, असं मुंबईतल्या पालकसभांमध्ये सर्रास ऐकू येतं. मोबाइलने भर घातली हे खरंच, पण गोष्ट त्याच्या बरीच आधी सुरू होते.

स्वतःला उपाशी ठेवत राहण्याच्या विकाराचं ‘अनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव रूढ केलं लंडनच्या विल्यम गल यांनी, १८७०च्या दशकात. त्याच सुमारास पॅरिसमध्ये चार्ल्स लासेग असेच रुग्ण नोंदवत होते. अधाशासारखं खाऊन ते उलटून टाकण्याच्या विकाराला, म्हणजे बुलिमियाला, नाव मिळायला मात्र १९७९ उजाडलं. ते दिलं जेराल्ड रसेल यांनी. पुढे अनोरेक्सियाच्या निदानात ‘जाड होण्याची भीती’ ही मुख्य खूण ठरली आणि तिथेच आपल्याकडच्या मुली निसटल्या. १९९०च्या दशकात हाँगकाँगच्या सिंग ली यांनी दाखवून दिलं, की उपाशी राहणाऱ्या कित्येक रुग्णांना वजनाची भीती नसतेच. पोट फुगतं, जेवण जात नाही, एवढीच त्यांची तक्रार. भारतीय डॉक्टरांनी नोंदवलेले अनेक रुग्णही असेच होते. मग अशी मुलगी आधी पोटाच्या डॉक्टरांकडे जाते, एंडोस्कोपी होते, पाळी थांबली म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ होतात. मानसोपचारतज्ज्ञांचा नंबर सगळ्यात शेवटी. २०१३ साली मानसिक विकारांच्या निदानाचे अमेरिकी निकष सैल झाले आणि भीती बोलून दाखवण्याची अट सुटली.

त्यात आपल्याकडे न जेवण्याला मान आहे. संकष्टी, सोळा सोमवार, गुरुवार. घरात कौतुकच होतं. (उपवासाला माझा विरोध नाही. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ हा आपला खाक्या त्या मानाने फारच निरोगी.)

मुंबईत मापं बदलली ती १९९१नंतर. उदारीकरण आलं, पाठोपाठ केबल. १९९४ साली सुश्मिता सेन मिस युनिव्हर्स झाली आणि ऐश्वर्या राय मिस वर्ल्ड. तोवर दादर-गिरगावात नात हडकली की ‘हिच्या अंगी काही लागतच नाही’ म्हणत आजी वरणभातावर तुपाची धार वाढवायची. स्थळांच्या जाहिरातीत ‘गोरी, सडपातळ’ तेव्हाही होतंच, पण सडपातळ म्हणजे किती, याला आकडा नव्हता. २००८च्या आसपास ‘साइज झीरो’ आला आणि आकडा मिळाला. टीव्ही एकट्याने काय करू शकतो, हे फिजी बेटांवर दिसलं होतं: १९९५मध्ये तिथे टीव्ही पोचला आणि तीनच वर्षांनी शाळकरी मुलींमध्ये खाण्याच्या घातक सवयी स्पष्ट वाढल्याचं ॲन बेकर यांना आढळलं.

मुलग्यांकडे कुणाचं लक्षच नव्हतं. तळवलकरांची व्यायामशाळा मुंबईत १९३२पासूनची, मल्लखांब तर त्याहून जुना. पण तिथे कस बघायचे, आरसा नव्हे. कितीही पिळदार झालं तरी आपण किरकोळच आहोत, असं वाटण्याच्या विकाराचं वर्णन अमेरिकेत हॅरिसन पोप यांनी १९९०च्या दशकात केलं. आपल्याकडे त्याला अजून ‘पोरगं व्यायाम करतंय’ असंच म्हणतात.

२०१६नंतर डेटा स्वस्त झाला. २०१८च्या सुमारास मराठी घरांत ‘दीक्षित की दिवेकर’, म्हणजे दिवसातून दोनदाच जेवायचं की थोडंथोडं सारखं खायचं, हा वाद रंगला. तो मोठ्यांच्या मधुमेहाचा आणि पोटाच्या घेराचा, पण ताटावर बसलेली चौदा वर्षांची मुलगीही तो ऐकत होती. २०२१मध्ये इन्स्टाग्रामचे अंतर्गत कागद फुटले. दर तीन किशोरवयीन मुलींपैकी एकीची शरीराबद्दलची नाराजी आपल्यामुळे वाढते, हे कंपनीला ठाऊक होतं.

मदतीसाठी ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २०२२पासून आहे. किशोरवयीन अनोरेक्सियावर सर्वांत भरवशाचा उपचार लंडनच्या मॉड्स्ले रुग्णालयात १९८०च्या दशकात आकाराला आला: काही महिने जेवणाची सूत्रं पालकांनी हातात घ्यायची, प्रत्येक जेवणाला समोर बसायचं. आठची लोकल पकडणारे आईबाप दुपारी समोर बसणार कसे, हा इथला पहिला अडसर. घरात आजी असली तर निम्मं काम होतं. फक्त ‘केवढी वाळलीस गं’ हे वाक्य तिने गिळायला हवं.