मे महिन्यात रुंदावणारी भेग

काकांनी खाडीलगतच्या शेतात भराव घालून घर बांधलं. तिसऱ्या वर्षी खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरकी भेग निघाली. मे महिन्यात तिच्यात रुपयाचं नाणं सहज सरकायचं. गणपतीत तेच नाणं शिरत नसे. काकी दर उन्हाळ्यात सिमेंट भरायची आणि पावसाळ्यानंतर शेजारीच नवी भेग दिसायची. गवंडी म्हणाला, "घर बसलं." पण नुसतं बसणारं घर पावसात परत वर उचललं जात नाही. हे घर वर्षातून एकदा वर-खाली होत होतं, कारण पायाखालची माती पावसात फुगत आणि उन्हाळ्यात आखडत होती.

आपण कोकणातले लोक जांभ्यावर वाढलेले. कातळावर चिऱ्याचं घर उभं केलं की पायाची चिंता मिटते, हा पिढ्यांचा अनुभव. माती फुगते ही घाटावरच्या काळ्या रानाची गोष्ट, असंच आपल्याला वाटतं. खरं तर जांभा आणि काळी माती या दोन्हींचं मूळ बहुतेक ठिकाणी एकच, सह्याद्रीचा काळा बेसाल्ट. पाण्याचा निचरा होणाऱ्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, हजारो पावसाळ्यांनी त्यातली सिलिका, चुना, मॅग्नेशियम धुऊन नेलं. मागे उरलं लोह, ॲल्युमिनियम आणि केओलिनाइट नावाचं शांत खनिज. जिथे निचरा कमी, तिथे मॉन्टमोरिलोनाइट हे फुगणारं खनिज तयार होतं. सावित्री, वाशिष्ठीसारख्या नद्या सह्याद्रीतून जो गाळ आणतात, त्यातून ही फुगणारी खनिजं खाडीतही येऊन बसतात.

मॉन्टमोरिलोनाइट म्हणजे पापुद्र्यांची चवड. एकेक पापुद्रा जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचा आणि दोन पापुद्र्यांमधली पकड सैल. पापुद्र्यांवर ऋण विद्युतभार असतो. तो सोडियम, कॅल्शियमच्या आयनांना धरून ठेवतो आणि ते आयन पाण्याला आत ओढतात. पाणी शिरलं की चवड उंचावते, सुकलं की आखडते. या खनिजाच्या एका ग्रॅमचे सगळे पापुद्रे पसरले तर सुमारे ८०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास आठ गुंठे जागा व्यापतील. केओलिनाइटचा ग्रॅम एका खोलीत मावतो. त्याचे थर एकमेकांना घट्ट धरून असतात, त्यामुळे पाण्याला आत वाटच नसते.

खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, आणखी एक गुंता आहे. पाणी खारं असेपर्यंत मीठ या फुगण्याला बरंच आवरून धरतं. आपण बंधारा घालतो, उघाडी (पाणी सोडण्याचं दार) बसवतो, पावसाचं गोडं पाणी मीठ धुऊन नेतं. पण कणांना चिकटलेलं सोडियम मागे राहतं आणि माती पूर्वीपेक्षा जास्त फुगू लागते. शेत सुधारलं म्हणून आनंद होतो, तेव्हाच पायाखालची माती अधिक चंचल झालेली असते.

रस्त्यांचं दुखणं यातूनच कळतं. डांबराखाली मधोमध ओलावा वर्षभर जवळजवळ सारखा राहतो. कडेला मात्र जूनमध्ये चिखल आणि एप्रिलमध्ये भेगाळ. कडा वर-खाली होतात, मध्य जागेवर राहतो, म्हणून भेग रस्त्याच्या लांबीने धावते. अशा भेगेवर नुसतं डांबर ओतणं मला पैशांची नासाडी वाटते. गटार वाहतं ठेवा, बाजूपट्टी रुंद आणि पक्की करा. त्रास असतो तो ओलाव्याच्या चढउताराचा.

आयआयटी मुंबईतले प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी कालव्यांसाठी यावर एक उपाय दिला: फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या, चिकट मातीचा जाड थर दाबून बसवायचा. कर्नाटकात मलप्रभा नदीच्या कालव्यावर तो वापरला गेला. आपल्या जांभ्याचा चांगला मुरूम अशा थरासाठी तपासून पाहण्याजोगा. घरासाठी पाया खोल न्यावा, पागोळ्यांचं पाणी जोत्याशी पडू देऊ नये आणि सभोवार उताराची फरसबंदी करावी.

जागा घेण्याआधी एक चाचणी सोपी आहे. वाळवून बारीक चाळलेली माती १०० मिलीलीटरच्या दोन मोजपात्रांत प्रत्येकी १० ग्रॅम घ्या. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल भरा, ढवळा आणि २४ तास ठेवा. रॉकेलला हे पापुद्रे दाद देत नाहीत. दोन्हींतला थर सारखाच किंवा पाण्यातला कमी दिसला तर माती फारशी फुगणारी नाही. पाण्यातला थर रॉकेलमधल्या थराच्या दीडपट-दुप्पट चढला, तर पाया खणण्याआधी नमुना प्रयोगशाळेत द्या.