बीकॉम, बीए करून एमसीए? आधी बारावीची गुणपत्रिका काढा

कॉमर्स किंवा आर्ट्सची पदवी घेऊन पुढे एमसीए, म्हणजे संगणक विषयातली पदव्युत्तर पदवी, करता येते का? महाराष्ट्रात येते. बीसीए किंवा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच झालेलं असावं असं नाही. बीकॉम, बीए, कुठल्याही विषयातली बीएस्सी चालते. मात्र बारावीला किंवा पदवीला गणित होतं का हे बघतात, आणि पदवीला किमान ५० टक्के गुण (राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४५) हवेत. ४९.९० म्हणजे पन्नास नव्हेत, इथे कुणी वर ढकलत नाही.

गाडी अडू शकते ती गणितावर. बारावी कॉमर्सला गणित सोडून एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) घेतलेली मुलं यात सापडतात, सायन्सला फक्त बायोलॉजी धरून बसलेलीही. दहावीचं गणित यात धरत नाहीत. बारावी कॉमर्सचं ‘गणित व संख्याशास्त्र’ असेल तर काळजी नाही. बारावीला गणित नाही, पण एफवायबीकॉमला ‘बिझनेस मॅथ्स’ होतं, अशांनी ते चालेलच असं गृहीत धरू नये. फॉर्म भरण्याआधी एमसीए असलेल्या कॉलेजच्या प्रवेश विभागात गुणपत्रिका दाखवून विचारावं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२४ च्या पदव्युत्तर आराखड्यात प्रवेश परीक्षा देऊन शाखा बदलण्याची मुभा आहे, तिच्या भरवशावर राहू नका. एमसीएची पात्रता एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या निकषांवर ठरते.

परीक्षा राज्याच्या सीईटी सेलची, एमएएच-एमसीए-सीईटी. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाही देता येते. ९० मिनिटं, १०० प्रश्न, २०० गुण, चुकीला गुणकपात नाही. गणित-संख्याशास्त्र ३०, तर्कक्षमता ३०, इंग्रजी २०, संगणकाची मूलतत्त्वं २०. बाहेरच्या शाखेतली मुलं संगणकाच्या त्या वीस प्रश्नांना उगाच घाबरतात. बायनरी संख्या, मेमरी, संगणकाची रचना हे सगळं घरबसल्या करता येतं. तर्कक्षमता आणि इंग्रजी मिळून अर्धा पेपर होतो आणि त्यात तुम्ही काय शिकून आलात याने फरक पडत नाही. माझ्या मते खरी मेहनत गणितावर घ्यावी, कारण तीन वर्षांत ते हातचं गेलेलं असतं.

सीईटी दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला, असं समजणारे दरवर्षी निघतात. कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची नोंदणी निकालानंतर वेगळी करावी लागते. ती राहिली तर पर्सेंटाइल कितीही असो, गुणवत्ता यादीत नाव येत नाही. नोंदणी, कागदपत्र तपासणी, तात्पुरती यादी, हरकती, अंतिम यादी, पसंतीक्रम, मग जागावाटप, असा क्रम. पसंतीक्रम विचार करून भरा, कारण पहिल्याच पसंतीचं कॉलेज मिळालं तर ती जागा गोठते, पुढच्या फेरीत बदलता येत नाही.

दहावी-बारावी आणि पदवीच्या सगळ्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचं प्रमाणपत्र, आधार, सीईटीचं स्कोअरकार्ड ही कागदपत्रं सगळ्यांनाच लागतात. गुणपत्रिकेवर फक्त सीजीपीए असेल तर टक्केवारीत रूपांतर केल्याचं विद्यापीठाचं पत्र आणा. मध्ये वर्षं गेली असतील तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र. राखीव जागेवर दावा असेल तर जातीच्या दाखल्यासोबत जात वैधताही हवी, आणि ती मिळायला महिने लागतात, तेव्हा सीईटीच्या अभ्यासाआधी जात पडताळणी समितीकडे अर्ज टाका. नॉन-क्रिमीलेअरची मुदत बघा : २०२५-२६ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध असलेलं लागायचं. ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) दाखला राज्याच्या नमुन्यातला घ्या. केंद्राच्या नोकरीसाठी काढलेला वेगळा असतो आणि तोच अपलोड केलेला दिसतो.

प्रवेशानंतर संगणकाची पार्श्वभूमी नसलेल्यांना विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे ब्रिज कोर्स, म्हणजे पाया भरून काढणारा जादा अभ्यासक्रम, करावा लागतो. दोन वर्षांच्या नेहमीच्या अभ्यासाच्या जोडीला हे ओझं येतं, त्यामुळे पहिलं सत्र जड जातं. निकाल आणि प्रवेश यांच्या मधल्या रिकाम्या महिन्यांत सी किंवा पायथॉनमध्ये रोज थोडं लिहीत राहिलात तर ते हलकं होतं.

फीचा मुद्दा मुलींनी नीट वाचावा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ज्यांच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे अशा मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क शंभर टक्के माफ आहे. पण प्रवेश कॅपमधूनच झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की ही सवलत गेली, आणि महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरूनही उपयोग नाही.