बार्बेक्यू पोर्क सँडविच (कोकण किनारपट्टी)

बार्बेक्यू पोर्क सँडविच : डुकराच्या खांद्याचे मांस लाकडाच्या धुरात, मंद आचेवर तासन्‌तास शिजवून, त्याचे धागे सोडवून, आंबट-तिखट रसात कालवून मऊ पावात भरून खाण्याचा पदार्थ. तो मूळचा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागातला. कोकण किनाऱ्यावर वसई, उत्तन, गोराईपासून खाली सावंतवाडी आणि पुढे गोव्यापर्यंतच्या ख्रिस्ती घरांत सणाला, लग्नाला डुकराचे मटण शिजते. पाव तर जातपात न बघता घरोघरी येतो. त्यामुळे हा पदार्थ इथे घरी करायचा म्हटला तर बाहेरून आणावे असे सामान जवळजवळ काही लागत नाही. लागतो तो वेळ.

मूळ. ‘बार्बेक्यू’ हा शब्द कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांच्या भाषेतून स्पॅनिशमध्ये ‘बार्बाकोआ’ म्हणून आला आणि तिथून इंग्रजीत गेला. विस्तवावर उंच बांधलेली काटक्यांची चौकट, हा त्याचा मूळ अर्थ. चुलीवरच्या माळ्यावर धुरात राखलेली सुकी मासळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही कल्पना समजावून सांगावी लागणार नाही. अन्न आचेपासून दूर असते आणि ऊब व धूर मात्र त्याला सतत मिळत राहतात.

अमेरिकेत डुकरे नव्हती. ती युरोपीयांनी नेली. कोलंबसने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत ती कॅरिबियन बेटांवर उतरवली आणि १५३९ मध्ये हेर्नांदो दे सोतो या स्पॅनिश सरदाराने फ्लोरिडात. दक्षिणेत निखाऱ्यांच्या खड्ड्यांवर रात्र रात्र जागून हे मांस शिजवण्याची कला मुख्यतः गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांनी आणि त्यांच्या वंशजांनी वाढवली. या पदार्थाची कोणतीही नोंद त्यांना वगळून पुरी होत नाही.

प्रांतागणिक रस बदलतो. नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्वेला अख्खे डुक्कर शिजवतात आणि रसात व्हिनेगर, मीठ, मिरी, लाल मिरची एवढेच घालतात, टोमॅटो नाही. त्याच राज्यात पश्चिमेकडे लेक्सिंग्टनच्या बाजूला नुसता खांदा घेतात आणि व्हिनेगरमध्ये थोडे केचप ढवळतात. साउथ कॅरोलायनाच्या मध्यभागात मोहरीचा पिवळा रस चालतो. टेनेसी राज्यातल्या मेम्फिसला गोडसर टोमॅटोचा रस असतो आणि कोबीची कोशिंबीर पावाच्या आत, मांसावरच बसते. यांपैकी कोकणी जिभेला सर्वांत जवळचा प्रकार पूर्व कॅरोलायनाचा. त्याचे कारण पुढे येते.

कोकणातील डुकराचे मांस. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशाहकडून वसई त्यांच्याकडे आली. म्हणजे ज्या शतकात स्पॅनिशांची डुकरे फ्लोरिडात उतरली, त्याच शतकात पोर्तुगीजांची डुकराचे मांस शिजवण्याची रीत कोकणात उतरली. ‘पाव’ हा शब्दही पोर्तुगीजच. अमेरिकेतली मिरची त्यांच्याच जहाजांतून इकडे आली. वसईचा किल्ला १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी जिंकला. सत्ता गेली, पण ख्रिस्ती झालेली गावे, त्यांची मराठी बोली आणि त्यांचे जेवण राहिले.

पोर्तुगीज खलाशी मांस वाईन आणि लसणात मुरवून नेत. त्याला ते ‘व्हिन्या द आल्यूश’ म्हणत. गोव्यात द्राक्षांच्या वाईनची जागा माडीच्या व्हिनेगरने घेतली आणि नाव घासून ‘विंदालू’ झाले. मुंबई-वसईकडच्या ईस्ट इंडियन, म्हणजे तिथल्या मूळच्या कॅथलिक ख्रिस्ती, घरांत त्याचा भाऊ ‘इंदियाल’ म्हणून ओळखला जातो. दोन्हींत युक्ती एकच: चरबीचे मांस आणि त्याला कापणारे आंबट. पूर्व कॅरोलायनाच्या खड्ड्याजवळ उभा असलेला माणूस व्हिनेगर आणि मिरची शिंपडतो तेव्हा तो हेच करत असतो. म्हणूनच बार्बेक्यूचा पाव पहिल्यांदा खाणाऱ्या वसईकराला त्यातला धूर नवा लागतो. आंबट-तिखटाची ओळख त्याला आधीपासून असते.

गोव्याचा चोरीस-पाव हा याचा इथला खरा सोयरा. मीठ, मिरची, मसाला आणि व्हिनेगर लावलेले डुकराचे तुकडे आतड्यात भरून उन्हात आणि धुरात सुकवायचे, पावसाळ्याच्या ‘पुरुमेंत’ साठ्यात ठेवायचे आणि लागतील तसे काढून कांद्याबरोबर परतून पावात भरायचे. चोरीसमध्ये आंबट आधी मुरते आणि बार्बेक्यूत ते शेवटी पडते, हा मोठा फरक. दुसरा फरक टिकण्याचा: चोरीस महिनोन्‌महिने राहतो, बार्बेक्यू त्या दिवसाचा असतो.

कोकणातले बहुसंख्य हिंदू पाळीव डुकराचे मांस खात नाहीत आणि कोकणी मुसलमानांना ते वर्ज्यच आहे, हे पाहुणे बोलावण्याआधी लक्षात ठेवावे. रानडुकराच्या शिकारीच्या गोष्टी गावोगाव ऐकू येतात. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगीशिवाय अशी शिकार गुन्हा आहे, आणि रानडुकराचे मांस फार कमी चरबीचे असल्याने या पदार्थाला चालत नाही.

मांसाची निवड. खांदाच का, हे कळले की अर्धी कृती कळली. डुक्कर चालताना पुढचे पाय सतत राबतात, त्यामुळे खांद्यात स्नायूंना बांधून ठेवणारे कोलॅजन भरपूर असते आणि मधूनमधून चरबीच्या रेषा असतात. असे मांस घाईने शिजवले तर चामड्यासारखे लागते. ७० अंश सेल्सिअसच्या पुढे बराच वेळ ठेवले की कोलॅजन विरघळून त्याचे जिलेटिन होते आणि तेच मांस ओलसर, चिकटसर, मऊ होते. धागे सुटण्यासाठी आतले तापमान ९० ते ९५ अंशांपर्यंत जावे लागते. पाठीचे मऊ मांस महाग मिळते, पण त्यात ना कोलॅजन ना चरबी. ते इथे भुशासारखे कोरडे पडते. खाटकाला ‘खांदा, हाडासकट, चरबी न काढता’ एवढे सांगावे. कातडी मात्र सोलून घ्यावी, कारण मसाला आणि धूर तिच्यातून आत जात नाहीत.

दोन किलो खांद्याचे शिजून सव्वा किलोच्या आसपास मांस उरते. एका पावाला शंभर ग्रॅम धरले तर बारा पाव भरतात.

मुरवण. दोन किलोला तीस ग्रॅम मीठ, साधारण चाळीस ग्रॅम किसलेला गूळ, दोन मोठे चमचे लाल तिखट, एक चमचा भरड मिरी आणि दहा-बारा पाकळ्या वाटलेली लसूण. घरात बाटलीचा मसाला असेल तर तिखट निम्मे करून तो एक मोठा चमचा घालावा. उन्हाळ्यात कुटून गडद रंगाच्या बिअरच्या बाटल्यांत ठासून ठेवलेला हा ईस्ट इंडियन मसाला मिरच्या, धणे, तीळ, खसखसच नव्हे तर भाजलेले गहू आणि चणेही पोटात घेऊन असतो, आणि मांसाच्या बाहेरच्या बाजूवर तो फार छान खरपूस होतो. सगळे चोळून मांस रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे. व्हिनेगर या टप्प्यावर घालू नये. नाहीतर होईल ते इंदियालच. ते उत्तम असते, पण तो पदार्थ वेगळा.

शिजवणे. अंगण असेल तर सर्वांत सोपे. मोठ्या घमेल्यात किंवा विटांच्या चुलाण्यात निखारे एका बाजूला सारायचे आणि मांस जाळीवर दुसऱ्या बाजूला ठेवून वर टोप उपडा घालायचा. लाकूड आंब्याचे, पेरूचे किंवा चिंचेचे, वाळलेले. करवंट्या नुसत्या पेटवल्या तर काळा धूर सोडतात, म्हणून त्यांचे निखारे झाल्यावरच वापराव्यात. काजूची टरफले या कामी कधीही जाळू नयेत. त्यांतल्या तेलाचा धूर डोळ्यांना, कातडीला आणि छातीला त्रास देतो. कण्हेर विषारी, तिची काटकीही नको. धूर पांढरा दाट येत असेल तर मांस कडवट होते. हवा लागू द्यावी. पातळ, निळसर, जेमतेम दिसणारा धूर हवा. अलिबाग-रोह्याकडे थंडीत पोपटी लावणाऱ्यांना विस्तव असा सांभाळायची सवय असते, फक्त पोपटी तासाभरात होते आणि इथे सहा-सात तास बसावे लागते.

निम्म्या वाटेवर, आतले तापमान ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान आले की ते अडते. तास-दीड तास तापमापकाचा काटा हलत नाही. पृष्ठभागावरचे पाणी वाफ होऊन जाताना मांसाला गार करत असते, म्हणून हे होते. घाबरून विस्तव वाढवू नये. या वेळी केळीचे पान आचेवर मऊ करून मांस त्यात गुंडाळावे. वाफ आत राहते आणि काटा पुन्हा चढू लागतो. मेक्सिकोतल्या युकातान प्रांतात डुकराचे मांस केळीच्या पानातच शिजवतात, तेव्हा ही काही ओढूनताणून केलेली कोकणी जोड नाही.

अंगण नसेल तर ओव्हनमध्ये १२० अंशांवर, झाकून, सहा ते सात तास. ओव्हन नसेल तर आपली तवसळीची रीत: जाड बुडाचा टोप, आत चाळण, तिच्यावर मांस, झाकण कणकेने लिंपलेले, खाली मंद आच आणि झाकणावर निखारे. ज्या घरात काकडीचे धोंडस असे भाजले गेले आहे तिथे हे हात आपोआप करतात. आणि प्रेशर कुकरही चालतो, हे मोकळेपणाने सांगायला हवे. खांद्याचे चार मोठे तुकडे, एक कप पाणी, पाव कप व्हिनेगर, पहिल्या शिटीनंतर बारीक आचेवर पन्नास मिनिटे, वाफ आपोआप जिरू द्यायची. मऊपणा पुरेपूर येतो. येत नाही ती बाहेरची काळसर खरपूस साल आणि धूर. साल हवी तर तुकडे कोरड्या तापल्या तव्यावर सगळ्या बाजूंनी दाबून भाजावेत. धुरासाठी धुंगार द्यावा: सोडवलेल्या मांसात मध्ये वाटी, वाटीत लालबुंद निखारा, त्यावर त्याच मांसाची चमचाभर वितळलेली चरबी, आणि लगेच झाकण. पाच मिनिटे पुरतात. जास्त ठेवले की धुराची चव जाऊन राखेची येते.

झाले हे घड्याळावरून ओळखू नये. खांद्यात एक चपटे, पात्यासारखे हाड असते. त्याचे बाहेर आलेले टोक फडक्याने धरून हलके ओढावे. मांस अजून कच्चे असेल तर हाड सगळा तुकडाच बरोबर घेऊन येते. झाले असेल तर ते सुरीसारखे सरकन बाहेर निघते, पांढरे, स्वच्छ, एकही धागा न चिकटलेले, आणि त्याच्या जागी खाचेत रस साचतो. इथवर शिजलेल्या मांसात डुकरामधून येणाऱ्या टेपवर्मच्या अळ्यांची भीती उरत नाही. अर्धकच्च्या मांसात ती खरी असते.

धागे आणि रस. अर्धा तास झाकून ठेवल्यावर परातीत घेऊन दोन काट्यांनी धागे सोडवावेत. करंगळीएवढे जाड राहू द्यावेत. कीस केला की पावात त्याचा लगदा होतो. बाहेरची काळी साल बारीक चिरून सगळीकडे मिसळावी. टोपात उरलेल्या रसावर तरंगणारी चरबी काढून घ्यावी आणि खालचा रस मांसातच घालावा.

आंबट रसासाठी एक कप माडीचे व्हिनेगर, एक मोठा चमचा गूळ, एक चमचा कुटलेली सुकी मिरची, अर्धा चमचा मिरी, मीठ. गूळ विरघळेपर्यंत गरम करायचे, उकळत ठेवायचे नाही. भांडे स्टीलचे किंवा मातीचे. ॲल्युमिनियमचे नको, आणि कलई उडालेले पितळेचे तर मुळीच नको. माडीचे व्हिनेगर नसेल तर साधे, थोडे पाणी घालून. कोकमाचे आगळ वापरूनही हा रस होतो. आगळ खारट असते, म्हणून वेगळे मीठ घालू नये. प्रस्तुत लेखकाच्या मते आगळाचा रस चवीला उत्तम, पण व्हिनेगरचा नाकात जाणारा झणका त्यात नसतो. दोन्ही निम्मे-निम्मे घेतले तर तो राहतो आणि रंगही जांभळट-तांबूस येतो.

पाव लादीचाच घ्यावा. अमेरिकेतही यासाठी मऊ, पांढरा, साधा पावच वापरतात, कारण त्याचे काम रस शोषून घेण्याचे. ब्रून पाव कडक असतो. दाताखाली पाव तुटायच्या आत मांस मागून बाहेर पडते. पाव आडवा चिरून काढून ठेवलेल्या चरबीवर आतल्या बाजूने शेकावा, आंबट रसात कालवलेले मांस भरावे, वर बारीक चिरलेली कोबी व्हिनेगर, साखर, मीठ लावून. अंड्याचे मेयोनेज उकाड्यात टाळलेले बरे.

फणसाची कुयरी. मांस न खाणाऱ्यांसाठी अलीकडे पाश्चात्त्य देशांत कोवळा फणस याच रसात शिजवून पावात भरतात, कारण त्याचे धागे मांसासारखे सुटतात. कोकणात कुयरीची भाजी करताना उकडून, ठेचून हेच धागे पिढ्यान्‌पिढ्या सोडवले जात आहेत. फाल्गुन-चैत्रातली, आठळी धरण्याआधीची कुयरी हाताला तेल लावून चिरावी, कुकरमध्ये उकडावी, ठेचून पाणी पिळून टाकावे. मग तव्यावर तेलात मसाल्यासकट कडा लाल होईपर्यंत परतून वरचाच रस आणि धुंगार द्यावा. कुयरीत चरबी नसते, म्हणून रसातले आंबट निम्मे करावे आणि चमचाभर खोबरेल तेल वरून सोडावे.

राखण. कोकणच्या दमट हवेत शिजलेले मांस दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेले पाहिजे. तिथे ते तीन-चार दिवस राहते. गरम करताना कोरडे परतू नये, झाकण ठेवून दोन चमचे आंबट रसाच्या वाफेवर गरम करावे. पावसाळ्यात पावाला दुसऱ्या दिवशीच बुरशी धरते, म्हणून मांस आदल्या दिवशी करून ठेवले तरी पाव त्या सकाळचाच आणावा.