लँड रोव्हर गंजत नाही? खाली वाकून बघा!

‘जुनी लँड रोव्हर घ्या, ॲल्युमिनियमची आहे, गंजायची नाही.’ हा सल्ला वर्षानुवर्षं ऐकू येतो. तो अर्धाच खरा आहे आणि उरलेला अर्धा भाग फार महागात पडतो.

1948 साली ही गाडी आली तेव्हा युद्धोत्तर ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती, म्हणून बाहेरचे पत्रे बर्माब्राइट या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे केले गेले. पण चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, पोलादाचीच आणि इंजिन व केबिनमधली भिंत, म्हणजे बल्कहेड, तीही पोलादाची.

चासी चौकोनी नळीसारखी पोकळ असते. चिखलपाणी आत साचतं आणि गंज आतून बाहेर येतो. वरून काळा रंग झकास दिसतो. हातोडीने हलकेच ठोकत जा: शाबूत पोलाद खणखणतं, कुजलेलं भदभद वाजतं. मागचा आडवा तुळईसारखा भाग आणि पाय ठेवायची जागा आधी तपासा.

ॲल्युमिनियमही अगदी सुरक्षित नाही. पोलादाला टेकतं तिथे ओलाव्यामुळे तेच झिजतं. रंगाला फोड येतात, खाली पांढरी भुकटी सापडते. जोडणी करताना मध्ये रबराची किंवा प्लास्टिकची पट्टी घालाच.

घरच्या वर्कशॉपमध्ये काम काढणार असाल तर चकचकीत पत्र्यांच्या मोहात पडू नका, आधी चासी. गंजावर नुसता पत्रा डकवू नका. निरोगी धातू लागेपर्यंत कापा, मग वेल्डिंग. त्याआधी बॅटरी सोडवा, पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा. शेवटी पोकळीत मेण फवारा.