चढण सोपी, उतरण अवघड

मृगाचा पाऊस लागून पऱ्ये-व्हाळ वाहू लागले की कोकणात चढणीच्या माशांची धांदल सुरू होते. गाबोळीने भरलेले मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट चढत पार भातखाचरांपर्यंत येतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा सॅमनही असाच चढतो, पण त्याचं अंतर भलतंच. आयडाहोच्या रेडफिश तळ्यात जन्मलेला सॉकाय सॅमन समुद्रात मोठा होतो आणि सुमारे १,४५० किलोमीटर नदी चढून त्याच तळ्याकडे परततो. तळं आहे जवळजवळ २,००० मीटर उंचीवर. गोड्या पाण्यात शिरल्यावर त्याचं खाणं बंद होतं. साठवलेल्या चरबीवर तो चढतो, अंडी घालतो आणि मरतो.

या वाटेवर आठ धरणं आहेत. १९९१ साली हा सॉकाय संकटग्रस्त जाहीर झाला. १९९२ मध्ये तळ्यापाशी एकच नर परतला. बंदिस्त टाक्यांत वाढवलेल्या पिढ्यांमुळे त्याचा वंश टिकला.

भिंत आडवी आली तर शिडी बांधावी, असं कुणालाही सुचेल. याच वाटेतल्या कोलंबिया नदीवरच्या बॉनव्हिल धरणाला १९३८ पासून पायऱ्या-पायऱ्यांच्या कुंडांची शिडी आहे आणि मोठे मासे ती चढतातही. (१९४२ च्या ग्रँड कुलीला मात्र शिडीच नाही, त्यामुळे वरची नदी सॅमनला कायमची बंद झाली.) खरी अडचण पिल्लांच्या उतरणीची. वितळत्या बर्फाच्या लोंढ्याबरोबर समुद्राकडे वाहत जाताना त्यांचे कल्ले आणि मूत्रपिंडं खाऱ्या पाण्यासाठी बदलत असतात. हा बदल ठरावीक काळच टिकतो. जलाशयात प्रवाह मंदावला की पिल्लं रेंगाळतात, मुदत टळते, शिकारी मासे टपलेले असतातच. जी टर्बाइनमधून जातात, त्यांतली काही दाबाच्या अचानक बदलाने मरतात. त्यात साठलेलं पाणी तापतं. वीस अंशांपुढे सॅमनची दमछाक होते. २०१५ च्या उन्हाळ्यात कोलंबियात परतलेले अडीच लाखांच्या आसपास सॉकाय गरम पाण्यात मेले.

मग भिंतच काढली तर? वॉशिंग्टन राज्यातल्या एल्व्हा नदीवरची दोन धरणं २०११ ते २०१४ दरम्यान पाडली. आधी साठलेल्या गाळाने नदी गढूळली, नंतर त्याच गाळातल्या वाळू-खड्यांनी मुखाशी नवा किनारा घडवला. क्लॅमथ नदीवरची चार धरणं २०२४ पर्यंत हटली आणि त्याच शरद ऋतूत चिनूक सॅमन शंभरहून अधिक वर्षं बंद असलेल्या भागात पोचले. पैदास केंद्रातून पिल्लं सोडणं वंश टिकवायला उपयोगी पडतं, पण माझ्या मते मोकळ्या नदीची जागा ते घेऊ शकत नाही.

कोकणात सॅमन नाही, पण अहीर (सापासारखा लांबट मासा, ईल) आहे आणि त्याचा प्रवास नेमका उलटा. तो वाढतो नदीत, अंडी घालतो समुद्रात. त्याची बारीक पिल्लं नदी चढतात, प्रौढ अहीर पुराच्या पाण्याबरोबर उतरतात. सॅमनसाठीची उड्या मारायची शिडी त्या पिल्लांच्या कामाची नाही. युरोपात अहिराच्या भाऊबंदांसाठी ओले, ब्रशचे केस बसवलेले उतार करतात, त्यांवरून पिल्लं सरपटत चढतात.

वशिष्ठीपासून तेरेखोलपर्यंतच्या आमच्या नद्या आखूड. एकच भिंत बरीचशी नदी तोडू शकते. त्यामानाने कोल्हापुरी बंधारा मवाळ. पावसाळ्यात त्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढतात ते पुराचं पाणी वाहून जावं म्हणून. माशांचा विचार त्यात नसतो. तरी चढण आणि उतरण दोन्ही वाटा नेमक्या हव्या त्या महिन्यांत खुल्या राहतात. शेवटच्या पुराआधी बर्गे बसवले तर मात्र उतरायला निघालेला अहीर वरच अडकू शकतो.